गोष्ट लिहून आणू नका, भानगड आणा

पुण्यात टेबलटॉप रोलप्लेइंग, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेकाने एकेक पात्र होऊन गोष्ट खेळायचा खेळ, चालवणारं कुणी भेटलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'आमच्याकडे खेळाडूंना पूर्ण मोकळीक असते.' खेळायला बसल्यावर कळतं की दोनातला कुठलाही दरवाजा उघडा, आत भुयार एकच. शेवट काय होणार ते जीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरच्या, वहीत आधीच लिहिलेलं. एवढीच हौस असेल तर एकांकिका लिहा की राव, पुरुषोत्तम करंडक आहेच.

याचा अर्थ काहीच तयारी करू नये असा अजिबात नाही. 'सगळं जग तुमचं, बोला काय करता?' असं म्हणून जीएम गप्प बसला की मंडळी एकमेकांची तोंडं बघतात आणि शेवटी कुणीतरी खानावळीत मारामारी काढतं. मोकळीक द्यायची तर आधी समोर काहीतरी पेटलेलं हवं.

मी सध्या पेशवाईतल्या पुण्यात कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत पुढे सरकणारी एकच गोष्ट, चालवतेय. नानासाहेबांच्या काळात कात्रजहून शहरात पाणी आणलं, तो नळ माणूस आत शिरून चालेल एवढा मोठा. वर ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे हवेसाठी ठेवलेली तोंडं, आणि शहरात हौद. या खेळांत धाडसाला उतरायचं भुयार असतं ना, ते आयतं डंजनच! माझी तयारी एवढीच होती: हौद आटतायत. एका सावकाराला पेठेतली एक जागा मातीमोल भावात हवी आहे. कोतवालीतल्या शिपायाला बढती हवी आहे. पखालवाल्यांना आपला धंदा टिकवायचा आहे. पुढे काय होणार, याची एक ओळही लिहिली नव्हती.

मला वाटलं मंडळी कंदील घेऊन नळात उतरतील. त्यांनी पखाली विकत घेतल्या आणि पाणी विकायला सुरुवात केली! इथे बरेच जीएम काहीतरी निमित्त काढून त्यांना परत नळाकडे हाकलतात. मी पाण्याचा भाव काय, हे ठरवायला बसले.

आता नळाकडे कुणी बघत नाही म्हणून सावकार थोडाच थांबणार? ब्लेड्स इन द डार्क या जॉन हार्परच्या 2017 सालच्या खेळातली घड्याळं मी इथे वापरते. कागदावर गोल काढायचा, त्याचे 6 भाग करायचे, आणि खेळाडूंनी दुर्लक्ष केलं की एक भाग भरायचा. गोल भरला की जागा सावकाराची. हा कागद मी पडद्याआड ठेवत नाही, टेबलावर सगळ्यांसमोर ठेवते. यावरून माझे आणि काही जुन्या जीएमचे वाद होतात. त्यांच्या मते त्यानं रहस्य मरतं. माझ्या मते, काय पणाला लागलंय हे माहीत नसताना केलेली निवड ही निवडच नाही, तो छापा-काटा झाला.

आणि हे नवं फॅड आहे असंही नाही. 1974 च्या मूळ डंजन्स अँड ड्रॅगन्समध्येच समोरच्या राक्षसाचा कल ठरवायला दोन सहातोंडी फासे टाकायची सोय होती. म्हणजे तो अंगावर येईल की बोलणी करेल, हे जीएमलासुद्धा आधी माहीत नसायचं. मी अजूनही ते टाकते. शिपाई लाच घेईल असं मी गृहीत धरून बसले होते, फासे 3 पडले, म्हणजे कल विरोधात, आणि त्यानं पखाली जप्त केल्या.

पण सगळा भार जीएमवर टाकू नका. 'माझं कॅरेक्टर एकटं, अबोल, त्याला कुणाशी देणंघेणं नाही' असं लिहून आणणाऱ्याला मी हल्ली प्रेमाने परत पाठवते. त्याला काहीतरी हवं असलं पाहिजे. बहिणीचं लग्न, वतन, सूड, काहीही चालेल. नाहीतर मोकळीक घेऊन तो करणार काय?

नवीन जीएमना एकच सवय सांगेन. सेशन संपताना, लोक चपला शोधत असतानाच विचारा, 'पुढच्या वेळी काय करायचा विचार आहे?' जे सांगतील तेवढंच तयार करा. आमच्या मंडळींना आता कोतवालाला भेटून पखालींचा मक्ता मागायचा आहे. त्यामुळे या आठवड्यात मी भुयारांचे नकाशे नाही, मक्त्याच्या अटी लिहीत बसलेय.