ध चा मा

माझं नाव बाळकृष्ण. हे लिहायला दोन सेकंद लागले. बोलायला किती लागतील, हे समोर कोण उभं आहे त्यावर ठरतं. समोर कुत्रा असेल तर दोनच.

मी अडखळत बोलतो. मोठ्या माणसांत साधारण शंभरात एक जण असा असतो. म्हणजे पीएमपीच्या खच्चून भरलेल्या दोन बसमध्ये मिळून एक, आणि तो मी. लहानपणी आजीनं जिभेला वेखंड उगाळून लावलं. जीभ झोंबली, 'ब' जागचा हलला नाही.

अडलेला शब्द टाळता येतो म्हणा. 'पाणी' अडलं की 'जल' मागायचं, 'भूक' अडली की 'क्षुधा'. दुसऱ्या गावात वेड्यात काढलं असतं. सदाशिव पेठेत मला संस्कृतचा मास्तर समजतात. बाकरवडीच्या रांगेत उभा राहतो आणि चकली घेऊन येतो. बायकोची समजूत आहे की मला चकली फार आवडते.

नावाला मात्र पर्याय नसतो. घराखालच्या अमृततुल्यवाल्यानं सहा वर्षांपूर्वी नाव विचारलं. मी "ब... ब..." वर असतानाच तो म्हणाला, "बबन का?" मागे चार गिऱ्हाइकं खोळंबली होती. मी मान हलवली. तेव्हापासून बबनराव.

गंमत अशी, की आरतीत मी कधी अडखळत नाही. गाताना किंवा सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणताना अडखळणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं. यंदा सोसायटीच्या गणपतीत मुलांना गोष्ट सांगायला बोलावलेले गृहस्थ सिंहगड रोडवर अडकले. (ट्रॅफिकमध्ये अडकलेल्याला पुण्यात सगळे समजून घेतात.) सेक्रेटरी माझ्याकडे वळले. "आरती काय खणखणीत म्हणता हो तुम्ही! बसा माइकवर."

समोर चाळीसेक पोरं. डोक्यात एकच गोष्ट आली, आणि नेमकी नारायणरावांची. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचेच दिवस. शनिवारवाड्यात गारदी घुसलेले, पेशवा जेमतेम अठरा वर्षांचा. राघोबादादांच्या पत्रातल्या 'धरावे'चं आनंदीबाईंनी 'मारावे' केलं, ही आख्यायिका सांगताना मला चोरट्यासारखं झालं. अक्षर बदलून वेळ मारून नेणं हा तर माझा रोजचा धंदा.

मग ते वाक्य आलं. इथं 'जल'वाली युक्ती चालणार नव्हती. नारायणराव "पितृव्य, माझे रक्षण करा" म्हणत धावले, हे पुण्यातलं शेंबडं पोरही ऐकून घेणार नाही. तोंड उघडलं.

"का... का... का... का..."

'काका' हा शब्द मुळात निम्मा अडखळलेलाच, पण मी चौथ्या 'का'वर होतो. घाम फुटला. समोर पाहिलं तर हसत कोणीच नव्हतं. पहिल्या रांगेतल्या पोरीनं शेजारच्याचा हात गच्च धरलेला, एकाच्या तोंडात मोदक तसाच थांबलेला. त्यांच्या लेखी मी अडकलोच नव्हतो. नारायणराव धावत होते, त्यांना धाप लागली होती आणि पाठीशी तलवारी होत्या. म्हटलं, थांबू या. शब्दाला यायचं तेव्हा येऊ दे.

"...काका, मला वा... वा... वाचवा!"

दोन पोरं किंचाळली. सेक्रेटरी दचकले ते वेगळंच.

नंतर एक पोरगा जवळ आला. "ते घाबरले होते म्हणून तसं बोलत होते ना?"

"हो... हो."

"पण तुम्ही अजूनही तसंच बोलताय."

"मी नेहमीच असा बोलतो."

"भारी! मला शिकवा ना."

माझं बोलणं सुधारायला आजवर पुष्कळ जण आले. स्वतःचं बिघडवून घ्यायला आलेला हा पहिलाच.

दुसऱ्या दिवशी बाकरवडीच्या रांगेत 'बा' लावला आणि सोडला नाही. एकला दहा मिनिटं कमी होती. मागचे आजोबा माझ्याकडे कमी आणि घड्याळाकडे जास्त बघत होते. पाव किलो मिळाली. घरी बायकोनं विचारलं, "चकली संपली होती का?"

संध्याकाळी अमृततुल्यवर गेलो. "ऐका, माझं नाव बबन नाही. बा... बा... बाळकृष्ण."

पातेल्यातला चहा ढवळत त्यानं शेवटच्या अक्षरापर्यंत वाट पाहिली. मग गल्ल्याखालची वही काढली.

"असू द्या की, बाळकृष्णपंत. पण बबनरावांची उधारी कोण देणार?"