पट्टा सोडला, ही चूकच होती

दादा, नमस्कार.

तुम्ही मला मॅडम म्हटलंत, पण तुमच्या लिहिण्यात घरच्या माणसाचा राग आहे, म्हणून मी दादाच म्हणते. भंडारदऱ्याच्या काठी आमच्या कुत्र्याला, चिकूला घेऊन दोन रात्री तंबूत राहिले, त्यावर मी लेख लिहिला आणि त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली. नव्याने वाचणाऱ्यांसाठी ती थोडक्यात सांगते. तुमचं गाव राजूरकडचं. गेल्या हिवाळ्यात पाहुण्यांचा मोकळा सोडलेला कुत्रा तुमच्या चुलत्यांच्या शेळ्यांत घुसला, शेळ्या उधळल्या आणि एका गाभण शेळीचा गाभ गेला. त्याआधी तुमच्या मोतीला बिबट्याने ओट्यावरून उचलून नेलं होतं. तुमचं म्हणणं असं की हा अभयारण्याचा मुलूख आहे, शहरातले कुत्रे इथे आणूच नका, त्यांना कसली हौस नसते, हौस तुमची असते, आणि असले लेख लिहिणं बंद करा.

उत्तराला चार दिवस लागले. तुम्ही म्हणता ते एकेक तपासून मगच लिहायचं होतं.

सगळ्यात आधी जे सरळसरळ माझं चुकलं ते. रतनवाडीच्या बाजूला, पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या काठावर चिकू पळतोय असा फोटो मी टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘इथे पट्टा सोडा, मनसोक्त पळू द्या.’ तंबूवाल्यांनी ‘सगळी खासगी जागा आहे, काही प्रॉब्लेम नाही’ असं सांगितलं आणि मी पुढे एक प्रश्नही विचारला नाही. रतनवाडी, साम्रद, घाटघर ही गावं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात. १९८६ सालचं हे अभयारण्य. आत राहणारे, तिथे जमीन असणारे आणि सार्वजनिक रस्त्याने जाणारे अशा मोजक्या लोकांशिवाय कोणालाही १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार परवानगीशिवाय आत जाता येत नाही. शेत कुणाच्या मालकीचं आहे एवढ्यावर हा विषय संपत नाही, कारण शेताचा बांध ओलांडला की चार पावलांवर रान आहे आणि कुत्र्याला बांध कळत नाही.

त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट वाचली आणि वाईट वाटलं. लस टोचल्याशिवाय गुरंढोरं अभयारण्यात चरायला नेता येत नाहीत. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या माणसाला आपल्या गाईसाठी ही अट पाळायची आहे, आणि मी पुण्याहून कुत्रा घेऊन आले तेव्हा त्याच्या लसींचा कागद कुणी मागितला नाही, मीही दाखवला नाही. लस हा वरवरचा विषय नाही. कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर मांजरकुळातल्या प्राण्यांनाही होतो. १९९४ मध्ये सेरेंगेटीत या आजाराने सुमारे एक तृतीयांश सिंह गेले. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले, तेव्हाही त्यांच्यात हाच विषाणू सापडला. आपल्याकडे सिंह नाहीत, पण बिबट्या आहे, आणि तो कुत्रा खातो.

तुमच्या मोतीबद्दल वाचलं आणि थांबले. तुमच्याच तालुक्यात बिबटे काय खातात याचा विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला होता, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. अकोले तालुक्याच्या त्या शेतीच्या पट्ट्यात बिबट्याच्या खाण्यातला, वजनाच्या हिशेबाने, ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. शेळ्या संख्येने कुत्र्यांच्या कित्येक पट होत्या, तरी त्यांचा वाटा ११ टक्केच. कारण समजण्यासारखं आहे. शेळी संध्याकाळी गोठ्यात कोंडली जाते, कुत्रा रात्रभर बाहेर असतो. हा आकडा वाचल्यावर पहिल्यांदा आठवलं ते हे की, त्या दोन रात्रींपैकी एका रात्री चिकू तंबूबाहेर खुंटीला बांधलेला होता, कारण आत त्याला उकडत होतं. मी आत झोपले होते. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. त्या रात्री काही झालं नाही, यात माझं शहाणपण काडीचंही नव्हतं.

आता ‘हौस तुमची’ याबद्दल. इथे अर्धी सहमत आहे. चिकू रस्त्यावरून उचलून आणलेला गावठी कुत्रा आहे, नाक जमिनीला लावून तासभर वास घेत फिरणं हा त्याचा खरा आनंद आहे आणि तो त्याला सोसायटीच्या आवारात मिळत नाही. पण त्याच सहलीचं जे मी लेखात लिहिलं नाही ते आता लिहिते. आम्ही गेलो नोव्हेंबरच्या शेवटी. पाऊस सरून महिना झालेला, सगळं गवत वाळून सोनेरी झालेलं, फोटोत फार सुंदर दिसतं. त्या गवतात कुसळी असते. तिचं कुसळ टोकाला बाणासारखं, मागे वळलेले बारीक केस असलेलं, त्यामुळे ते पुढे सरकतं पण मागे येत नाही. माणसाच्या मोज्यात शिरतं तेव्हा आपण काढून टाकतो. कुत्र्याच्या कानात शिरलं की तो डोकं झटकत राहतो आणि प्रत्येक झटक्याला ते आणखी आत जातं. घरी आल्यावर दुसऱ्या दिवसापासून चिकू डोकं एका बाजूला कलतं धरून चालायला लागला. डॉक्टरांनी त्याला भूल देऊन उजव्या कानातून दोन कुसळं काढली, आणखी एक पंजाच्या बोटांमध्ये रुतून तिथे पू झालेला होता. पाठोपाठ गोचिडाचा ताप आला. तीन आठवडे औषधं चालली. हे सगळं माहीत असताना मी लेखात फक्त पळणारा चिकू दाखवला. तुमच्या आरोपातला हा भाग मला सगळ्यात जास्त लागला आणि तो खरा आहे.

पण ‘कुत्र्यांना घरीच ठेवा’ हे मला पटत नाही, आणि तुम्ही मनापासून लिहिलंत म्हणून मीही मनापासून सांगते. त्रास मोकळ्या कुत्र्याचा आहे. चार-साडेचार फुटांच्या दोरीवर, माणसाच्या पायाशी चालणारा, लसीकरण झालेला कुत्रा अभयारण्याबाहेरच्या गावात आला तर शेळ्यांत घुसत नाही. उलट कुत्रा न आणणारे पाहुणेही गावाचा हाच त्रास वाढवतात, त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. शनिवारी रात्री शेकोटीभोवती कोंबडीची हाडं, उरलेला भात, फरसाणाच्या पिशव्या पडतात. रविवारी सगळे निघून जातात आणि त्या उष्ट्यावर कुत्री वाढतात. कुत्री वाढली की त्यांच्या मागे बिबट्या वस्तीपर्यंत येतो. जूनमध्ये काजवे बघायला गर्दी होते तेव्हा हेच अनेक पटींनी घडतं. तेव्हा पाहुण्यांना विचारायचंच असेल तर दोन्ही विचारा, तुमचा कुत्रा कुठे आहे आणि तुमचं उष्टं कुठे आहे.

लेख मी काढून टाकलेला नाही, बदलला आहे. काठावर पळतानाचे तिन्ही फोटो काढले आणि का काढले ते तिथेच लिहिलं. तंबूच्या जागेचं वर्णन काढलं. कुत्रा बरोबर असेल तर अभयारण्याच्या हद्दीत मुक्काम करूच नका, हे सुरुवातीलाच घातलं आहे. अंधार पडायच्या आत कुत्रा पक्क्या, दार लागणाऱ्या खोलीत, आणि अशी खोली नसेल तर ती जागा नको. तंबूचं कापड म्हणजे भिंत नव्हे. रेबीज, डिस्टेंपर, लेप्टोच्या लसींचा कागद बरोबर ठेवून न मागता दाखवावा. दिवाळीनंतर गवत वाळलं की कान आणि बोटांच्या बेचक्या दर मुक्कामी हाताने चाचपायच्या. विष्ठा पिशवीत भरून परत आणायची, ओढ्याकाठी तर नक्कीच.

जानेवारीत आम्ही पुन्हा निघतोय, या वेळी मावळात, एका शेतकऱ्याच्या घरी. फोनवर त्यांनी स्वतःहून सांगितलं की त्यांच्याकडे अकरा शेळ्या आहेत आणि दोन गाभण आहेत. तुमची प्रतिक्रिया वाचली नसती तर मी ‘हो का, छान’ म्हणून विषय बदलला असता. या वेळी विचारलं की शेळ्या किती वाजता घरी येतात. साडेपाचला, म्हणाले. आम्ही सहानंतर पोहोचू, आणि सकाळी शेळ्या रानात गेल्यावरच चिकू बाहेर येईल.

तुमच्या चुलत्यांना त्या पाहुण्यांनी शेळीची काही भरपाई दिली का, हे तुम्ही लिहिलं नाही. दिली नसेल तर मला मेल करा. ते पाहुणे माझा लेख वाचून आले असतील की नाही, मला माहीत नाही, पण आले असते तर ‘पट्टा सोडा’ हे त्यांनी माझ्याकडूनच वाचलं असतं.