घर परक्याला विकू नका म्हणणाऱ्यांना

गावची घरं-जमिनी बाहेरच्यांना विकायच्या नाहीत, हा वाद सध्या कोकणात घरोघरी चालू आहे. राजापूरकडचे आमचे नातेवाईकही त्यात हिरिरीने बोलतात. त्यांची कळकळ मला कळते. पण मी स्वतः आज दुसऱ्यांच्या गावात बाहेरून आलेली आहे. निवृत्तीनंतर राहायला म्हणून आम्ही दोघांनी फ्रान्सच्या मध्यभागी, क्रूझ जिल्ह्यात, एक जुनं दगडी घर घेतलंय आणि त्याचं काम काढलंय. म्हणून माझंही म्हणणं मांडते.

क्रूझची गोष्ट कोकणी माणसाला फार समजावून सांगावी लागत नाही. इथले गवंडी पिढ्यान्‌पिढ्या थंडी सरली की पायी पॅरिसला जात, तिथल्या इमारती बांधत आणि हिवाळ्यात घरी परतत. मार्तां नादो हा इथला पोरगा १८३० मध्ये बापाबरोबर असाच चालत निघाला. १८४९ मध्ये तो फ्रान्सच्या संसदेवर निवडून गेला. पुढे लोकांचं परतणंच थांबलं. १८५१ च्या सुमारास पावणेतीन लाखांवर असलेली जिल्ह्याची वस्ती आज सव्वा लाखाच्याही आत आहे. गिरणगावाने कोकणाचं जे केलं, तेच पॅरिसने क्रूझचं केलं. म्हणून इथली घरं रिकामी आहेत आणि देशातल्या सर्वांत स्वस्त घरांत मोडतात.

इथे घर परक्याला विकलं तर कोणी भुवया उंचावत नाही. शेताचं मात्र तसं नाही. शेतजमीन विकायला निघाली की नोतेरला, म्हणजे दस्त करणाऱ्या सरकारनियुक्त अधिकाऱ्याला, ‘साफेर’ या संस्थेला आधी कळवावं लागतं. १९६० च्या कायद्यातून आलेल्या या संस्थेला दोन महिन्यांच्या आत ती जमीन स्वतः घेऊन एखाद्या शेतकऱ्याला देता येते. पडकं घर आणि पिकती जमीन हे दोन प्रश्न त्यांनी वेगळे ठेवले. आपण ते एकाच घोषणेत कोंबले. डोंगर कापून प्लॉट पाडणारा आणि कौलं चाळून राहायला येणारं कुटुंब, दोघंही आपल्या लेखी बाहेरचेच. पहिल्याला विरोध झालाच पाहिजे. दुसऱ्याची गावाला गरज आहे.

फ्रान्समध्ये सगळीकडे असं खेळीमेळीचं आहे असं नाही. बास्क आणि ब्रिटनीच्या किनाऱ्यावर सुट्टीपुरत्या घरांमुळे तिथल्याच पोरांना भाड्याची जागा मिळत नाही, आणि त्यांचा राग रास्त आहे. गोव्यातल्या लोकांना तो लगेच कळेल. पण शाळा बंद पडलेल्या गावाला तोच नियम लावणं मला पटत नाही.

घर घेताना मला सर्वांत भावलं ते हे की दोष झाकायला जागाच नव्हती. वायरिंग, वाळवी, रंगातलं शिसं, अ‍ॅस्बेस्टॉस, सेप्टिक टँक या सगळ्यांचे तपासणी अहवाल विकणाऱ्यानेच द्यायचे. टाकी नियमात बसत नसेल तर घेणाऱ्याने वर्षभरात दुरुस्त करायची. मागच्या तीस वर्षांची मालकी नोतेर तपासतो, आणि प्राथमिक करारानंतरही दहा दिवसांत मागे फिरता येतं. या सगळ्यापोटी कर धरून किमतीच्या सात-आठ टक्के जातात. मला ते महाग वाटले नाहीत.

घराच्या भिंती ग्रॅनाइटच्या, हातभर जाड. मागच्या कुणीतरी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. दगडातली ओल बाहेर पडेना, ती आत वळली. आतल्या भिंतीवर खालच्या दोन हात उंचीपर्यंत बोट फिरवलं तर चुन्याचा भुगा हातात येई. आता छिन्नी-हातोड्याने ते सिमेंट उतरवून सांधे पुन्हा चुन्याने भरतोय. चुना ओल बाहेर सोडतो. आमचा इथला गवंडी सत्तरीला आलाय. एक सांधा मनासारखा बसला नाही तर तो पुन्हा उकरतो. कोकणातल्या जांभ्याच्या घरांना सिमेंट थापणाऱ्यांनी त्याचं काम एकदा बघावं असं मला फार वाटतं.

“म्हातारपणी तिकडे कोण बघणार?” असं काकू विचारतात. प्रश्न खरा आहे. खेड्यांत डॉक्टर मिळत नाहीत, असलेले नवा पेशंट घेत नाहीत, गाडी चालवणं थांबलं की माणूस अडकतो. दुसरीकडे, साठीनंतर स्वतःचं करणं जमेनासं झालं तर घरी मदतनीस ठेवायला जिल्हा प्रशासन उत्पन्न बघून भत्ता देतं. हे सगळं तोलूनच आम्ही ठरवलं.

मग आपल्याच घरी का नाही? राजापूरच्या घरात २००५ च्या कायद्याने माझा वाटा भावाइतकाच आहे. पण सातबाऱ्यावर आजोबांच्या भावंडांपासूनची नावं आहेत, निम्मी माणसं हयात नाहीत, आणि एक वासा बदलायचा तरी सगळ्यांची संमती लागते. ती कधी मिळत नाही. माजघराचं छप्पर याच मानापमानात बसलं. विकलं नाही म्हणून ते घर वाचलेलं नाही.

माझ्या चुलतभावंडांना मी लिहिलंय: आधी वारसनोंदी पूर्ण करू, मग वाटणीपत्र नोंदवू. ज्याला तिथे खरंच राहायचंय त्याला मी माझ्या वाट्याचं हक्कसोडपत्र देईन, पैसे न घेता. कुणालाच राहायचं नसेल, तर राहणारं एखादं कुटुंब शोधून घर त्यांना विकू, मग ते मालवणचं असो की मिरजेचं.