गिअर धरायला माणूस

आमच्या पिकअपवर दोन वर्षं एक माणूस निव्वळ तिसरा गिअर धरायला होता. हजेरीच्या वहीत तो हेल्परच. बांबू चढवणं, पाइप उतरवणं, कनातीच्या दोऱ्या ओढणं हे सगळं तो करायचा. पण माल भरून गाडी घोडबंदर रोडला लागली आणि गायमुखचा चढ समोर आला, की तो न सांगता उजवा हात पुढे करायचा, गिअरचा दांडा मुठीत घ्यायचा आणि काजूपाडा मागे पडेपर्यंत सोडायचा नाही. सोडला की तिसरा सुटलाच. खटॅक करून दांडा न्यूट्रलला यायचा, इंजिन मोकाट बोंबलायचं, गाडी चढावर मान टाकायची आणि मागचा कंटेनरवाला हॉर्नवर माझ्या सात पिढ्यांची विचारपूस करायचा. एका घाटामागे वीस रुपये, असा हेल्परशी करार होता. वडापावचे. आमच्या हिशेबाच्या वहीत 'घाटभत्ता' असा वेगळा रकाना आहे.

आमचा धंदा मांडवाचा. वडिलांनी कळव्यात सुरू केला, तो मी चालवतो, म्हणजे ढकलतो. पिकअपवर कागदोपत्री सव्वा टन माल घालायचा असतो. लोखंडी पाइप, प्लायवूडचे पाट आणि चारशे खुर्च्या भरताना सव्वा टन कुठे संपतो ते काट्यावर नेल्याशिवाय कळत नाही, आणि काट्यावर न्यायची आम्हाला कधी गरज वाटली नाही. त्यात डिझेल इंजिनाची खोड अशी, की ते कमी फेऱ्यांतच सगळा जोर लावतं. तो जोर चाकांपर्यंत न्यायचं काम गिअरबॉक्सच्या बिचाऱ्या दातांचं. दात झिजले, पितळी रिंगा झिजल्या, शिफ्टिंगच्या दांडीला जागेवर धरणारी गोळी आणि स्प्रिंग म्हातारी झाली. दोनदा बॉक्स खोलून दुरुस्त केला. दोन्ही वेळा दोन महिने बरे गेले.

तिसऱ्यांदा मिस्त्रींनी बॉक्सला हातसुद्धा लावला नाही. बिडी विझवली आणि म्हणाले, "मालक, ह्यात आता जीव नाय. मोठ्या टेम्पोचा बॉक्स टाकू. सात टनी गाडीचा. मग चारशे काय, आठशे खुर्च्या भरा."

"किती दिवस लागतील?"

"दिवस? अर्ध्या दिवसाचं काम."

गणपतीला तेव्हा सव्वीस दिवस होते. हा आकडा मी मुद्दाम सांगून ठेवतो.

घरी हे बोललो आणि चूक केली. माझा मेहुणा स्पर्धापरीक्षा देतो, त्यामुळे त्याला सगळे कायदे पाठ असतात आणि नोकरी नसते. तो म्हणाला, "दाजी, मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा फेरफार मालकाला करता येत नाही." मी आरसी आणली. दोघांनी भिंग लावून वाचली. इंजिन नंबर होता, चेसिस नंबर होता, वजन होतं, रंगसुद्धा होता. गिअरबॉक्सबद्दल चकार शब्द नव्हता. मेहुण्याचं समाधान झालं नाही, पण तो जेवायला बसला.

बॉक्स मिळाला कळंबोलीला, जुन्या पार्टांच्या एका दुकानात. तो आणायला मला दुसऱ्याची पिकअप भाड्याने घ्यावी लागली, कारण आमची तोवर जॅकवर चढली होती. विटाव्याच्या रेल्वे पुलाखालचं गुडघाभर पाणी पार करून, ऐरोली, रबाळे, तुर्भे करत आम्ही पोचलो. दुकानदाराने ढिगातून एक काळा, ऑइलने माखलेला ऐवज दाखवला. मिस्त्रींनी पुढच्या शाफ्टवर आणि मागच्या फ्लँजवर, म्हणजे बॉक्समधून जोर बाहेर पडतो त्या चकतीवर, खडूने एकेक रेघ मारली, पहिला गिअर टाकला आणि पुढचा शाफ्ट हाताने फिरवत मोजायला लागले. मागची रेघ एक फेरा पूर्ण करून जागेवर आली तेव्हा पुढचे साडेसहा फेरे झाले होते. आमच्या जुन्या बॉक्सला साधारण चार लागायचे. मिस्त्रींचा चेहरा आंब्याच्या पेटीचं झाकण उघडल्यासारखा झाला. "ह्या पयल्या गिअरवर गाडी भिंत चढंल मालक."

भिंत चढायची आम्हाला कधी ऑर्डर आलेली नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही.

मग पत्रिका जुळवणं सुरू झालं. मांडवाच्या धंद्यामुळे मी शेकडो लग्नं जवळून पाहिली आहेत, पण छत्तीसपैकी एवढे कमी गुण जुळून लागलेलं लग्न हे पहिलंच. आमच्या क्लच प्लेटच्या मधल्या भोकाला दहा खाचा, नव्या शाफ्टला चौदा दात. म्हणजे प्लेट दुसरी. ती मी कुर्ल्याहून लोकलने आणली, मांडीवर घेऊन. शेजारच्या काकांनी "केवढ्याला पडली ही थाळी?" असं विचारलं. किंमत ऐकून ते गप्प झाले. पुढे, इंजिनाच्या हौसिंगची भोकं एकीकडे आणि बॉक्सची दुसरीकडे. म्हणजे मध्ये एक पोलादी प्लेट हवी, दोन्हीकडची भोकं असलेली. ती वागळे इस्टेटला लेथवर करून घेतली, बारा मिलीमीटर जाडीची. प्लेट सुंदर झाली. पण त्या प्लेटमुळे बॉक्स बारा मिलीमीटर मागे सरकला आणि शाफ्टचं टोक इंजिनाच्या जड चाकातल्या, म्हणजे फ्लायव्हीलमधल्या, बेअरिंगमध्ये पुरेसं शिरेना. म्हणजे आता एक बुश. पुन्हा वागळे इस्टेट. लेथवाला मला बघून हसायला लागला होता. त्याच्याकडे मी चहा पिणारं कायमचं गिऱ्हाईक झालो होतो.

गणपतीला अकरा दिवस.

बॉक्स बसवायचा दिवस मात्र आमचा होता. मिस्त्रींकडे बॉक्स उचलायचा जॅक नव्हता, आणि बॉक्स दोन माणसांना ऐकणारा नव्हता. हेल्परने केबिनमध्ये डोकावून पाहिलं. गिअरच्या दांड्याची फरशीवरची झाकणी काढली, तर खाली सरळ आरपार भोक. त्याने आमच्याच गोडाऊनमधून चांगला सरळ बांबू आणला, केबिनच्या दोन्ही दारांतून आडवा घातला, त्यावरून भोकातून खाली दोर सोडला आणि मांडवाच्या कळसाला मारतात ती गाठ बॉक्सला मारली. आमची दोन पोरं दोर ओढायला लागली. मी पुठ्ठ्यावर झोपून खालून बॉक्सला दिशा देत होतो. गिअर ऑइलचा वास ज्याने घेतला नाही त्याला सांगून कळणार नाही. त्यात गंधक असतं, आणि तो वास केसांत चार दिवस राहतो. बायको म्हणाली होती, दिवाळीत फटाक्यांऐवजी तुम्हीच अंगणात उभे राहा.

बॉक्स वर आला, पुढे सरकला, शाफ्टचं टोक क्लच प्लेटमध्ये गेलं, आणि दोन बोटं अंतर राहून सगळं थांबलं.

त्या दोन बोटांत आमची दुपार गेली. डावीकडे हलवला. उजवीकडे हलवला. बांबूखाली वीट सरकवली. पोरांनी "गणपती बाप्पा" म्हणून ओढून पाहिलं. मी म्हटलं, बोल्ट लावून आवळून घेऊ, आपोआप जवळ येईल. त्यावर मिस्त्री एवढ्या मोठ्याने ओरडले की पलीकडच्या पंक्चरवाल्याच्या हातातून ट्यूब सुटली. "आवळून आणलंत तर हौसिंगचा कान तुटंल! बॉक्स स्वतःहून आला पाहिजे."

एव्हाना मिस्त्रींना संशय आला की क्लच प्लेटच मधोमध नाही. सगळं परत खाली उतरवलं. मिस्त्रींनी आमच्याच मांडवाचा एक सागवानी दांडा तासला, त्यावर टेप गुंडाळत गुंडाळत बरोबर शाफ्टच्या जाडीचा केला, प्लेटमधून बेअरिंगपर्यंत घातला आणि त्याच्या आधाराने प्लेट मधोमध धरून प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळले. दांडा बाहेर ओढला. परत दोर, परत बांबू, परत मी पुठ्ठ्यावर. परत दोन बोटं.

"टॉपला टाका," मिस्त्री म्हणाले. हेल्परने वरून गिअर टाकला. मिस्त्रींनी मागचा फ्लँज हाताने जरासा फिरवला, अगदी रेडिओचं बटण फिरवावं तसा. आणि 'ठक' असा एक जाड, समाधानी आवाज आला. बॉक्स सरकून पोलादी प्लेटला टेकला. मी खालून बघत होतो. दोन बोटांची फट कुठे गेली कळलंसुद्धा नाही. पोरांनी दोर सोडला नव्हता तरी तो सैल झाला होता. लग्नात अक्षता पडल्यावर मुलीचा बाप जसा खुर्ची शोधतो, तसे मिस्त्री टायरवर बसले.

नवा बॉक्स चार इंच लांब होता, म्हणून बॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट चार इंच कापून वेल्डिंग केला. वेल्डरने वेल्डिंग उत्तम केलं, फक्त दोन टोकांच्या सांध्यांचे क्रॉस एका रेषेत ठेवायचे असतात हे तो विसरला. चाळीसच्या वेगाला गाडी अशी थरथरली की आरशात मला माझे दोन चेहरे दिसले आणि दोन्ही घाबरलेले होते. शाफ्ट परत कापला. स्पीडोमीटर उभ्या गाडीत शून्य आणि पळत्या गाडीतही शून्य दाखवत होता. त्याचं बोटभर प्लास्टिकचं गिअर बदलल्यावर तो सुधारला. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीचं पासिंग दरवर्षी असतं, म्हणून तेवढं सोडून चालणार नव्हतं.

पहिली फेरी गणपतीच्या चार दिवस आधी. पहिल्या गिअरमध्ये गाडी हलली तेव्हा एक आजोबा भाजीची पिशवी घेऊन शेजारून चालत आम्हाला ओलांडून गेले. वळूनही पाहिलं नाही त्यांनी. तेव्हापासून आम्ही दुसऱ्यातच गाडी उचलतो; पहिला गिअर त्या भिंतीसाठी राखून ठेवला आहे. जुन्या बॉक्सचा पाचवा ओव्हरड्राइव्ह होता, इंजिनाचे 0.8 फेरे तर शाफ्टचा एक. नव्याचा शेवटचा गिअर एकास एक. म्हणजे जिथे इंजिन 2,000 फेऱ्यांवर गुणगुणायचं तिथे आता 2,500 वर किंचाळतं. ठाणे-बेलापूर रोडला हेल्पर काहीतरी सांगत असतो, मी मान डोलावतो. पगारवाढीबद्दल नसावं अशी आशा करतो. क्लच एवढा जड झालाय की संध्याकाळी डावा पाय माझा राहत नाही. आणि बॉक्स इतका मजबूत आहे की गेल्या महिन्यात मागच्या डिफरन्शियलमधून नवीन आवाज यायला लागला. मिस्त्री म्हणाले, "मोठ्या टेम्पोचं टाकू की. अर्ध्या दिवसाचं काम."

पण तिसरा सुटत नाही. गायमुखला भरलेल्या गाडीने, पावसात, मागे कंटेनर असताना, तिसरा गिअर ठेवला तिथे राहतो. त्या पहिल्या फेरीला मी स्टिअरिंग धरून नुसता आनंदात होतो. बाजूला पाहिलं तर हेल्परची मूठ दांड्यावर.

"अरे, सोड आता. नाही सुटत."

"असू द्या शेठ. सवय झालीय."

काजूपाडा गेलं. गाडी बाजूला घेतली. त्याने दांडा सोडला आणि हात पुढे केला. मी वीस रुपये काढले. त्याने नोटेकडे पाहिलं, मग घाटाकडे.

"शेठ, आता गाडी हळू चढते," तो म्हणाला. "धरायला वेळ जास्त लागतो. पंचवीस करा."