ताटातूट नशिबाने नव्हे, नियमाने

कादंबरीवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘इटालियन स्थलांतरितांच्या या प्रेमकथेत नायक-नायिकेची ताटातूट फारच फिल्मी वाटते’ हे काही पटलं नाही. न्यूयॉर्कच्या बंदरात हे रोज घडत होतं हो! स्थलांतरितांची तपासणी जिथे व्हायची त्या एलिस बेटावर डॉक्टर प्रत्येकाची पापणी उलटी करून बघायचे, त्यासाठी बुटाची बटणं लावायचा आकडासुद्धा वापरत. डोळ्यांत खुपरी (डोळ्यांचा संसर्गजन्य रोग) सापडली की कोटावर खडूची खूण, आणि बहुतेक वेळा परतीचं जहाज. बापाला प्रवेश मिळाला आणि लेकीला नाही, असंही व्हायचं. मुलीकडे न्यू जर्सीला गेले होते तेव्हा एलिस बेटावरचा जिना पाहिला. एकाच जिन्याचे तीन भाग. एकीकडून रेल्वेच्या तिकिटांकडे, दुसरीकडून न्यूयॉर्कच्या फेरीबोटीकडे, आणि मधून थेट कोठडीकडे! त्याला ‘ताटातुटीचा जिना’च म्हणतात. कादंबरीकाराने आणखी काय रचायचं?

आणि लेखातल्या ‘तिने सरळ पुढच्या बोटीने त्याच्यामागे जायचं होतं’ या वाक्याला तर हसूच आलं. पहिल्या महायुद्धाआधी वर्षाला दोन लाखांहून जास्त इटालियन अमेरिकेत उतरत. 1924च्या अमेरिकी कायद्याने इटलीचा कोटा, म्हणजे वर्षाला प्रवेश मिळणाऱ्यांची मर्यादा, चार हजारांच्याही खाली आणला. शिवाय 1917पासून साक्षरतेची अट होतीच, दक्षिण इटलीतल्या कितीजणींना तेव्हा वाचता येत होतं? माझी तक्रार उलटी आहे. असल्या कादंबऱ्या सगळं नशिबावर ढकलतात आणि कायदा करणारे मोकळे सुटतात.