बारा वर्षांची भीती आणि अकरा महिन्यांचा ताईत

‘भाडेकरू बारा वर्षं राहिला की कायद्याने घर त्याचं होतं. म्हणून करार अकरा महिन्यांचाच करा, नोटरीचा शिक्का घ्या आणि वर ‘लिव्ह अँड लायसन्स’ लिहा, म्हणजे तो भाडेकरू ठरतच नाही. भाडं थकलं तर वीज-पाणी तोडा. सगळ्यांत उत्तम म्हणजे घर बंद ठेवा.’

हा मजकूर गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत असतो. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा मुंबई-पुणे असावं, पण तो वाचून घाबरतात इथले लोक. वडिलोपार्जित घराचा अर्धा भाग किंवा पर्वरी-फोंड्यातला एखादा फ्लॅट एवढीच ज्यांची गुंतवणूक, त्यांचं यात खरं नुकसान होतं. म्हणून एकेक विधान तपासतो.

आधी बारा वर्षं. हा आकडा १९६३ च्या मुदत कायद्यातला. दुसऱ्याची मिळकत मालकाचा हक्क नाकारून, उघडपणे, सलग बारा वर्षं ताब्यात ठेवली आणि मालक गप्प बसला, तर त्याचा दाव्याचा हक्क संपतो. पण दर महिन्याला भाडं देणारा माणूस तुमचा हक्क नाकारत नसतो, उलट मान्य करत असतो. तो वीस वर्षं राहिला तरी भाडेकरूच राहतो. बारा वर्षं मोजायची ती वेगळ्या ठिकाणी: नोटीस देऊन भाडेपट्टा संपवलात, माणूस हलला नाही आणि तुम्ही कोर्टात गेलाच नाहीत, तर तिथून पुढे.

मग ही भीती गोव्यात इतकी खोल का? माझ्या मते, कारण आपल्याकडे भाडेकरू, कूळ आणि मुंडकार हे तिघे बोलता बोलता एकच होऊन जातात. कूळ शेतजमिनीचं, त्याचा कायदा १९६४ चा. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, संमतीने त्याच्या जमिनीतल्या घरात कायम वस्ती करून राहणारा. त्याला संरक्षण देणारा कायदा १९७५ चा. पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या आणि एका शब्दावर बेघर होऊ शकणाऱ्या कुटुंबांना या कायद्याने पायाखाली जमीन दिली. मुंडकाराला राहतं घर आणि त्याभोवतीची जागा, पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंत, विकत घेता येते. हे न्याय्यच होतं, त्याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. पण त्याच कायद्यात मुंडकार कोण नाही हेही लिहिलेलं आहे, आणि ते फार थोड्या घरमालकांनी वाचलेलं असतं. भाटकाराला घराचं भाडं देणारा मुंडकार नाही. मालकाच्या आवारात राहणारा पगारी नोकर किंवा चौकीदार नाही. घर राखायला, ते राहण्याजोगं ठेवायला ठेवलेला माणूसही नाही.

म्हणजे फिरणारा सल्ला नेमका उलटा आहे. भाड्याची पावती हा तुमच्याविरुद्धचा पुरावा नाही, ती तुमची ढाल आहे. धोका तिथे, जिथे कागद नाही. सत्तरी किंवा पेडणे तालुक्यात जुनं घर असलेला मुंबईकर मालक गावातल्या कुणाला तरी सांगतो, ‘भाडं नको रे, घर उघडं ठेव, तुळशीकडे दिवा लाव, माडांना पाणी घाल.’ दोघांचाही हेतू चांगला असतो. पंधरा वर्षांनी दोघांचीही मुलं समोरासमोर येतात आणि तो माणूस तिथे नक्की कोणत्या नात्याने राहत होता, हे सांगणारा एकही कागद निघत नाही. मग प्रकरण मामलेदारासमोर जातं. राखणदाराला कितीही वर्षं राहिला तरी मालकी हक्क मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गोव्यातल्याच एका घराच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे. पण तो राखणदार होता हे आधी दाखवावं लागतं. म्हणून राखणदारीचं पत्र लिहून दोघांच्या सह्या घ्या, पगार बँकेतून द्या, घरपट्टी आणि वीजबिल स्वतःच्या नावावर ठेवा आणि स्वतः भरा. गावात हे परकेपणाचं वाटतं, हे मला कळतं. तरीही करा, त्याच्या मुलांच्याही भल्याचं आहे.

आता अकरा महिने. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा उपनिबंधकाकडे नोंदवावाच लागतो. अकराचा आकडा ती नोंदणी आणि तिचा खर्च टाळण्यासाठी रूढ झाला. भाडेकरूचे हक्क त्याने पुसले जात नाहीत. गोव्यात १९६८ चा इमारत भाडे नियंत्रण कायदा आहे. तो जिथे लागू होतो तिथे केवळ मुदत संपली म्हणून भाडेकरूला काढता येत नाही. थकबाकी, परस्पर पोटभाडेकरू ठेवणं, वापर बदलणं, मालकाला स्वतः राहायला घर हवं असणं, अशी कायद्यात दिलेली कारणं दाखवावी लागतात. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. तीन वर्षांचा करार नुसता नोटरी करून ठेवलात, तर वाद झाल्यावर त्यातल्या अटी सिद्ध करायला तो जवळजवळ निरुपयोगी. आणि अकरा महिने उलटल्यावरही नवा कागद न करता तुम्ही भाडं घेत राहिलात, तर भाडेकरार महिनेवारीने चालूच राहिला असं मानलं जातं. त्यापेक्षा दोन-तीन वर्षांचा, भाडेवाढ आणि अनामत नीट लिहिलेला नोंदणीकृत करार बरा.

‘लिव्ह अँड लायसन्स’चं, म्हणजे नुसती राहायची परवानगी देणाऱ्या कराराचं, बळ महाराष्ट्रात खरं आहे. तिथल्या १९९९ च्या कायद्याने अशा कराराची नोंदणी सक्तीची केली आणि मुदत संपल्यावर घर लवकर परत मिळवायला वेगळा सक्षम अधिकारी दिला. तो कायदा गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावर संपतो. गोव्यात तोच नमुना उतरवून काढला की नाव येतं, पण ती सोय येत नाही. शिवाय कागदावरच्या मथळ्यापेक्षा व्यवहाराचं खरं स्वरूप आणि दोघांचा हेतू पाहायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच ठरवून दिलं आहे. आख्ख्या फ्लॅटची किल्ली आणि एकट्याचा ताबा देऊन टाकल्यावर तो भाडेपट्टाच आहे असं म्हणायला समोरच्याला भरपूर वाव मिळतो.

वीज-पाणी तोडणं हा या मजकुरातला सगळ्यांत वाईट सल्ला. माणुसकी क्षणभर बाजूला ठेवली तरी तो तुमच्यावरच उलटतो. कायदेशीर मार्गाशिवाय ताबा काढून घेतला, कुलूप बदललं, तर भाडेकरू सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात ‘मी मालक आहे’ हे उत्तर चालत नाही. थकबाकीसाठी खरं हत्यार १९६८ च्या कायद्यातच आहे. तीन महिन्यांचं भाडं थकलं की रजिस्टर पोस्टाने नोटीस द्यायची. तीस दिवसांत पैसे आले नाहीत तर भाडे नियंत्रकाकडे अर्ज करायचा. प्रकरण चालू असतानाही भाडेकरूला भाडं भरत राहावं लागतं; नाही भरलं तर तेवढ्यावरून घर खाली करण्याचा आदेश मागता येतो. वेळ लागतो, नाही असं नाही. पण पहिली नोटीस द्यायलाच वर्ष घालवणारे मालक मी पुष्कळ पाहिले आहेत.

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या, तो ओळखीचा असला तरी. परदेशी माणूस ठेवलात तर चोवीस तासांत ऑनलाइन कळवा. पर्यटकांना दिवसांवर घर देणार असाल तर पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. तो वेगळाच व्यवसाय आहे.

राहिलं घर बंद ठेवणं. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या साधारण पाच घरांपैकी एक रिकामं होतं. दोन पावसाळे कौलं शाकारली नाहीत की वासे कुजतात, वाळवी चौकटीत शिरते. त्याहून गंभीर गोष्ट कागदांची. खोट्या दस्तऐवजांवर जमिनी आणि घरं हडपल्याच्या प्रकरणांसाठी २०२२ मध्ये गोवा पोलिसांचं विशेष तपास पथक नेमावं लागलं. अशा टोळ्यांना सोपी जाते ती मिळकत, जिचा मालक परदेशात आहे किंवा वारला आहे आणि जिच्याकडे कुणी फिरकत नाही. चांगला भाडेकरू असलेल्या घरात मोजणीवाला आला तर त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन येतो.

भाड्याने देण्याआधी मात्र एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीचा गोव्यातला कागद, काढून पाहा. त्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर आधी इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मिळकत वाटून देण्याची गोव्यातली कोर्टाची प्रक्रिया, करून वाटण्या नोंदवून घ्या, किंवा निदान सगळ्या वारसांची लेखी संमती घ्या. एका भावाने परस्पर केलेल्या करारावर पहिली हरकत भाडेकरूची येत नाही, दुसऱ्या भावाची येते.