थकलेल्या अंकाचा खरा हिशेब

मटका खेळणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज वारंवार पुढे ढकलला जातो. त्याचा मथितार्थ असा: मटका वाईट नाही, हिशेब न करता लावणं वाईट. बरेच दिवस न आलेला अंक धरा, तो पास होईपर्यंत, म्हणजे निकालात येईपर्यंत, रक्कम वाढवत न्या, दर फेरीला ५०० रुपये हमखास सुटतात. ऍपवर खेळलं तर सगळं कायदेशीर. मर्यादा ठरवली की नाद लागत नाही, आणि लागलाच तर मनाचा निर्धार पुरे. आता एकेक दावा घेऊ.

‘न आलेला अंक आता येणारच’

अंक दहाच, ० ते ९. निकाल सरळ निघतो असं धरलं तर प्रत्येक वेळी प्रत्येक अंकाची शक्यता दहात एक. काल काय आलं हे अंकाला आठवत नाही. एखादा अंक सलग २२ निकालांत न येण्याची शक्यता साधारण दहा टक्के असते. अंक दहा आहेत, म्हणजे जुन्या निकालांचा चार्ट कुठल्याही दिवशी उघडा, सरासरी एक अंक २२ निकालांपासून गायब असलेला सापडतो. त्यालाच लोक ‘थकलेला’ म्हणतात. तो थकलेला नसतो, दहा अंकांच्या खेळात असं दिसणं हीच नेहमीची गोष्ट आहे.

आणि हे सगळं निकाल सरळ निघतो हे मानून. कापसाच्या भावावरचा सट्टा ते मडक्यातून काढलेले पत्ते हा मटक्याचा प्रवास निदान लोकांच्या डोळ्यांदेखत झाला. आज मोबाइलवर झळकणारा आकडा कोणी आणि कसा काढला, हे तपासणारी कोणतीही यंत्रणा नाही. कोणत्या अंकावर किती पैसा लागलाय ते घेणाऱ्याला दिसतं, लावणाऱ्याला नाही.

‘वाढवत गेलं की तोटा होतच नाही’

मेसेजचा जीव याच वाक्यात आहे, म्हणून इथे कागद-पेन घ्या.

अंकाला भाव नऊ: १० रुपये लावले तर ९० मिळतात, आणि तुमचे १० त्यातच आले. भाव बुकीगणिक थोडा इकडेतिकडे होतो, पण दहात एक शक्यतेला नऊ म्हणजे लावलेल्या शंभरातले सरासरी दहा जातातच. जोडी, म्हणजे दोन आकडी अंक, शंभरात एक, भाव नव्वद. तेच गणित.

आता ५०० सुटायचे असतील तर पहिल्यांदा सुमारे ६३ रुपये लावावे लागतात, आणि पुढे दर वेळी रक्कम आठव्या हिश्शाने वाढवावी लागते. दहाव्या वेळी १८० रुपये लावलेले असतात, तोवर एकूण ११२४ गेलेले. विसाव्यापर्यंत ४७७३. तिसाव्या वेळी एकट्या चिठ्ठीवर १९०० आणि एकूण सुमारे १६,६००. चाळिसाव्यापर्यंत ५५,०००.

समजा तुम्ही तिसाव्यावर थांबायचं ठरवलंत. अंक सलग तीस वेळा न येण्याची शक्यता चार टक्क्यांहून थोडी जास्त. शंभर फेऱ्यांत ९६ वेळा ५०० सुटले, म्हणजे ४८,००० कमावले. उरलेल्या चार फेऱ्यांत १६,६०० प्रमाणे ६६,४०० गेले. वजाबाकी तुम्हीच करा. फसवं इतकंच की ९६ वेळा ‘पद्धत चालते’ हाच अनुभव येतो, आणि तोच माणूस चौघांना मेसेज पाठवतो. पुढची चिठ्ठी लावायला हातात पैसे नसले की तो उधारीवर लावतो. तिथून आकडा खेळाचा राहत नाही, देण्याचा होतो.

‘गेसिंगवाल्याचा अंक तीनदा पास झाला’

होणारच. गेसिंगवाला म्हणजे पुढचा अंक सांगायची फी घेणारा. त्याने हजार जणांना दहा वेगवेगळे अंक वाटले की शंभर जणांचा पास होतो. त्या शंभरांना पुन्हा दहा अंक वाटले की दहा उरतात, मग एक. त्या एकाला गेसर देव वाटतो. फी त्याच्याकडूनच मागितली जाते.

‘ऍपवर कायदेशीर’

नाही. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच. शिवाय संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेला कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, नशिबाचे असोत की कौशल्याचे, सरसकट बंदी घालतो. त्यातली शिक्षा चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे. पण ऍपने जिंकलेले पैसे अडकवले तर ते कोर्टातून वसूल करता येत नाहीत.

उलट बाजूही कळू द्या: १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचं देणं कोर्टातून वसूल करता येत नाही. बुकी वसुलीला धमकावत असेल तर ११२ लावा.

‘मर्यादा ठरवली की झालं’

मर्यादा टिकते ती पैसा आधीच बाजूला काढलेला असेल तेव्हा. मटक्यात चिठ्ठी उधार, हिशेब नंतर. मर्यादा ओलांडल्याचं कळतं ते देणं समोर आल्यावर. गेलेले काढायला पुन्हा लावणं, घरी खोटं बोलणं, तीच मजा यायला रक्कम वाढवणं, बंद केलं की चिडचिड, उसनवारी: डॉक्टर अशी नऊ लक्षणं बघतात. वर्षभरात त्यातली चार दिसली तर हा आजार आहे, स्वभाव नव्हे.

‘निर्धार पुरे’

निर्धार पगाराच्या दिवशी पाच मिनिटांत मोडतो, म्हणून वाट आधीच अडवावी लागते. पगाराच्या खात्याचा व्यवहार काही महिने घरच्या भरवशाच्या माणसाकडे द्या, स्वतःच्या फोनवरून यूपीआय काढा किंवा रोजची मर्यादा खाली आणा, कर्जाची ऍपं काढून टाका, गेसिंगचे ग्रुप सोडून बुकीचा नंबर ब्लॉक करा. सगळं देणं एका कागदावर लिहा: कोणाचं, किती, व्याज काय. घरच्यांनी दागिने मोडून एका फटक्यात कर्ज फेडू नये. कागदावर न आलेलं एखादं देणं हमखास उरतं आणि हात मोकळा झाला की पुन्हा चिठ्ठी लागते. ज्याचं देणं आहे त्याला थेट, हप्त्यांनी द्या.

मदतीसाठी १४४१६ हा टेली-मानसचा नंबर: मोफत, चोवीस तास, मराठीतही. नाहीतर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार ओपीडी. तिथे ‘झोप येत नाही’ असं मोघम सांगू नका. जुगाराचा नाद आहे, आठवड्याला इतके लावतो, इतकं देणं आहे, दारूही आहे की नाही, हे सरळ सांगा. उपचार मुख्यतः बोलण्याचे असतात: लावायची ओढ कधी येते, तेव्हा डोक्यात काय चालतं, ती अर्धा तास कशी टाळायची. सोबत नैराश्य असेल तर गोळ्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे ही माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, त्यामुळे डॉक्टर पोलिसांना कळवतील ही भीती बाळगू नका.

कर्जापायी जीव द्यायचा विचार येत असेल तर ओपीडीच्या वाराची वाट बघू नका. आत्ताच १४४१६ लावा, आणि असा विचार करणारा माणूस तुमच्या घरात असेल तर फोन लागेपर्यंत त्याला एकटं सोडू नका.